गप्प पडलेला पेशंट

पुणे–नाशिक महामार्गावरच्या गावात कॅज्युअल्टी चालवायची म्हणजे आधी अपघातांची तयारी ठेवावी लागते. चंदनापुरी घाटातून आलेली दुचाकीवाली पोरं, गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉलीला धडकलेले, फवारणीचं औषध पोटात गेलेले, पावसाळ्यात साप चावलेले. संगमनेरात रात्रीच्या ड्यूटीला यातलं काही ना काही ठरलेलं. या गर्दीत कोपऱ्यातल्या कॉटवर एखादे आजोबा डोळे मिटून पडलेले असतात. ओरडत नाहीत, पाणी मागत नाहीत, सलाईन उपटत नाहीत. बीपी घेतलं जातं, नाडी बघितली जाते आणि केसपेपरवर दोन शब्द पडतात : 'कॉन्शस, ओरिएंटेड', म्हणजे शुद्धीवर, भानावर.

वाद या दोन शब्दांवरून पेटला. वाद घालणारे दोघंही डॉक्टर, नात्यानं मामा-भाची. मामांचा दवाखाना पठार भागात, साकूरच्या अंगाला. काही घरांतल्या तीन-तीन पिढ्या त्यांच्याच औषधावर वाढल्या. भाची मेडिसिनची एमडी, शहरातल्या एका खासगी रुग्णालयाची कॅज्युअल्टी बघते. मी दोघांचाही नातेवाईक आणि डॉक्टर नसलेला, त्यामुळं अडाणी प्रश्न विचारायची मुभा मला होती. ऐकलं ते बरंचसं तसंच मांडतो.

भाची : मामा, हे दोन शब्द लिहिणाऱ्यानं पेशंटला 'आज वार कोणता' एवढंही विचारलेलं नसतं. डोळे उघडले, नाव सांगितलं, झाला ओरिएंटेड. डिलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक उडालेला मेंदूचा गोंधळ, हातातून निसटतो तो इथंच.

मामा : अगं, म्हातारा वातात बरळायला लागला, अंगावरचं धोतर फेडायला लागला, भिंतीवरचे नसलेले किडे वेचायला लागला, की घरातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. त्याला एमडी कशाला लागते?

भाची : बरळणारा सापडतोच. त्याला चौघं धरून आणतात. माझं भांडण गप्प पडलेल्यासाठी आहे. अमेरिकेत व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या जिन हान यांच्या गटानं इमर्जन्सीत आलेल्या ३०३ वयस्कर पेशंटांना नीट तपासलं, २००९ साली छापलं. २५ जणांना डिलिरियम होता, त्यांतले २३ गप्प प्रकारातले. आणि या २५ पैकी तीन-चतुर्थांश तिथल्या इमर्जन्सीच्या डॉक्टरांच्या लक्षातच आले नाहीत. बरं, वॉर्डात गेल्यावर तरी कळावं, तर तिथंही बहुतेकांचं कळलं नाही.

मामा : पंचवीस माणसांवरून तू मला दुनिया सांगतेस?

भाची : पंचवीस थोडेच आहेत, कबूल. त्याच गटानं पुढच्या वर्षी ६२८ जणांचा हिशेब दिला. डिलिरियम असलेल्यांपैकी ३७ टक्के सहा महिन्यांत गेले. नसलेल्यांपैकी १४ टक्के.

मामा : ते मुळातच जास्त आजारी असणार. पिकल्या पानाचं डोकं फिरतं. डोकं फिरलं म्हणून पान गळालं, असं कसं म्हणशील?

भाची : वय, आधीचे आजार, दुखण्याची तीव्रता, हे सगळं हिशेबात धरून बघितलं त्यांनी. तरी फरक उरला.

इथं मी मध्ये पडलो. म्हातारपणी विसरायला होतंच, त्यात आणि यात फरक काय? भाचीनं सांगितलं ते असं : स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांत चढतो, डिलिरियम तासा-दिवसांत. शिवाय तो दिवसभर सारखा राहत नाही. सकाळी नातवाशी बोललेला माणूस संध्याकाळी सुनेला ओळखत नाही, आणि रात्री डॉक्टर आला की पुन्हा बरा दिसतो. बिघाड आठवणीपेक्षा लक्ष लागण्यात जास्त असतो. बोलायला सुरुवात होते आणि वाक्य मध्येच सुटून जातं. मामांनी त्याला स्वतःहून पुरवणी जोडली. ज्याला आधीच स्मृतिभ्रंश आहे त्यालाच डिलिरियम चटकन होतो, आणि घरचे 'त्यांचं आधीपासनं असंच आहे' म्हणून गप्प बसतात. म्हणजे आजार काय हे मामांना माहीत नव्हतं, असं नाही. त्यांचा राग होता तो कागदावर.

भाची : मी एवढंच म्हणते की पासष्टीपुढचा प्रत्येक पेशंट दोन मिनिटं तपासा. एडिंबऱ्याच्या अ‍ॅलस्डेअर मॅकलुलिच यांची फोर-ए-टी म्हणून चाचणी आहे, २०११ पासूनची, फुकट. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेनं २०१९ साली इमर्जन्सीसाठी तीच सुचवली. पेशंट जागा आहे का, पेंगतोय का, ते बघायचं. वय, जन्मतारीख, ठिकाण आणि चालू साल विचारायचं. डिसेंबरपासून महिने उलटे म्हणायला लावायचे. आणि शेवटी, अलीकडं अचानक काही बदल झालाय का ते विचारायचं. चार किंवा जास्त गुण आले की डिलिरियम असू शकतो.

मामा : आता माझं ऐक. माझ्या पठारावरचे निम्मे म्हातारे १ जूनला जन्मलेत. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. ज्या बायांनी शाळेचं तोंड बघितलं नाही त्या आधार कार्डावर १ जानेवारीच्या. वय विचारलंस तर म्हणतील, बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायला जायचे तेव्हा थोरला अंगावर पीत होता. काढ हिशेब. डिसेंबर, नोव्हेंबर तर सोडूनच दे. तिला पौष ठाऊक, माघ ठाऊक. तुझ्या स्कॉटलंडच्या कागदावर आमची धडधाकट म्हातारी नापास होईल.

भाची : मग फाल्गुनापासून उलटं विचारू. नाही जमलं तर वार. हरियाणात बल्लभगढला नव्वदच्या दशकात न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी हिंदीत बुद्धीची चाचणी बसवली, तेव्हा शब्दाचं स्पेलिंग उलटं म्हणायला लावण्याऐवजी आठवड्याचे वारच उलटे विचारले. ती किती शिकलीय हे मला बघायचंच नाही. दिलेला धागा ती शेवटपर्यंत धरते का, एवढं बघायचंय.

मामा : म्हणजे प्रश्न बदलले. मग गुणांचा तो आकडा तसाच लागू पडेल हे कुणी सांगितलं?

भाची : कुणी नाही. आपल्याकडच्या माणसांवर ते बसवून बघावं लागेल. पण तोवर काहीच विचारायचं नाही का? गेल्या थंडीत शेजारच्या अकोले तालुक्यातले एक आजोबा आणले. तक्रार काय, तर दोन दिवस जेवत नाहीत, झोपूनच आहेत. बीपी ठीक, ताप नाही, शुगर ठीक. डोळे उघडून नाव सांगितलं. कुणीही 'अशक्तपणा' लिहून सलाईन लावलं असतं. मी म्हटलं, बाबा, शनिवारपासून वार उलटे म्हणा. 'शनिवार… शुक्रवार…' मग पुन्हा 'शुक्रवार'. मग माझ्या स्टेथोस्कोपकडं बघत बसले. मग म्हणाले, 'मोटार चालू राहिली का?' शेतातली, पाण्याची. पुन्हा सांगितलं, पुन्हा शुक्रवारपाशीच अडले. म्हणून पोटावर हात ठेवला तर बेंबीपर्यंत मूत्राशय टम्म. नळी घातली, लिटरभर लघवी निघाली. प्रोस्टेटचा त्रास जुनाच होता. वर सर्दीसाठी चार दिवस गोळ्या चालू होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबा मला म्हणाले, 'पोरी, घरी कधी सोडणार?' शब्दाला शब्द जोडलेला.

मामा : पोटावर हात तू वार विचारल्यावर ठेवलास. मी आधी ठेवला असता.

भाची : तुम्ही ठेवला असता. ड्यूटीवरचा पोरगा नसता ठेवला. त्याला शेजारच्या कॉटवर फुटलेलं डोकं शिवायचं होतं.

या जागी मला भाचीचं पटलं. अनुभवी माणसाचा हात कागदापेक्षा वेगानं जातो हे खरं, पण रात्री दोन वाजता कॉटपाशी अनुभवी माणूस असेलच याची हमी कोण देतो? कॅज्युअल्टीची घडीच अशी की ओरडणाऱ्याकडं आधी लक्ष जावं, आणि ते योग्यही आहे. न ओरडणाऱ्यापाशी कुणीतरी जाऊन बोलावं यासाठी वेगळी सक्ती लागते. मामांना मात्र सक्ती हा शब्दच सोसत नाही.

मामा : सक्ती केलीस की लोक टिकमार्क करतात. चारही चौकोनांत शून्य टाकून मोकळे. तुझ्या 'कॉन्शस, ओरिएंटेड'ला चार खाने मिळतील, दुसरं काय होणार?

भाची : होईल तसंही. पण मामा, त्या गुणांची वाटणी कधी बघितलीत? वय-साल-ठिकाण सगळं चुकलं तरी जास्तीत जास्त २. महिने अजिबात जमले नाहीत तरी २. आणि 'अचानक बदल झालाय, कमी-जास्त होतंय' या एका उत्तराला एकदम ४. म्हणजे सुनेनं सांगितलं की 'परवापर्यंत आबा स्वतः दूध घालायला डेअरीवर जायचे, कालपासनं बोलंना झालेत', तर तेवढ्यावरच चाचणी पूर्ण होते. म्हातारी १ जूनची असो नाहीतर १ जानेवारीची.

मामा थोडे सावरून बसले. हा भाग त्यांना माहीत नसावा, निदान चेहऱ्यावरून तरी तसं वाटलं. पण ते हार मानणाऱ्यांतले नव्हेत.

मामा : सून बरोबर येते का गं? बघ जरा तुझ्या कॅज्युअल्टीत. १०८ मध्ये शेजारचा पोरगा बसून येतो, कारण घरात पुरुषमाणूस नाही. सून गुरांना वैरण टाकायला मागं थांबलेली. मुलगा चाकणला कंपनीत. तो पहाटे पोचतो आणि छातीठोकपणे सांगतो, 'बाबा एकदम ठणठणीत होते.' त्यानं बापाला बघितलेलं असतं दिवाळीत. तू कुणाच्या उत्तराला ४ देणार?

भाची : सुनेला फोन लावणार.

मामा : आणि मला? चिठ्ठी माझी, नंबर माझा, तीस वर्षं त्या म्हाताऱ्याला मी बघतोय. तो एरवी किती बोलतो, बहिरा किती आहे, घेतो का नाही, हे सगळं माझ्या डोक्यात आहे. तुमच्याकडून आजवर किती फोन आले?

भाचीनं उत्तर दिलं नाही, चहाचा कप उचलला. 'घेतो का नाही' म्हणजे दारू. हा मुद्दा मामांनी पुढं चांगला रेटला. रोज पिणारा माणूस मांडीचं हाड मोडून दाखल होतो, दारू अचानक बंद होते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याला थरथर सुटते, भलतंसलतं दिसायला लागतं. त्या डिलिरियमला झोपेच्या जातीचीच औषधं द्यावी लागतात, व्हिटॅमिन बी-वनही लागतं. न दिल्यास जीव जाऊ शकतो. बाकी बहुतेक डिलिरियमला तीच औषधं बाधतात. कारण न कळता इंजेक्शन देणारा निम्म्या वेळा उलटं करून बसतो. यावर दोघांचं एकमत झालं. तेवढ्यापुरतंच.

मामा : समजा, सापडला तुझा डिलिरियम. पुढं काय? शेरॉन इनूये यांचं १९९९ चं काम मीही वाचलंय, नुसती चिठ्ठ्या लिहिणारा डॉक्टर समजू नकोस. येलला सत्तरीपुढचे ८५२ पेशंट. वेळच्या वेळी पाणी पाजणं, चष्मा लावणं, उठवून चालवणं, रात्री झोपू देणं, ओळखीच्या गोष्टी बोलणं. एवढ्यानं डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. पण एकदा झाला की त्याची तीव्रता या उपायांनी घटली नाही. म्हणजे कमाई सगळी आधीच्या काळजीत आहे. नंतर शोधून काय मिळवलंस?

भाची : कारण मिळवते. तीव्रता घटली नाही म्हणून मूत्राशय तसंच फुगलेलं ठेवायचं का? म्हाताऱ्याला न्यूमोनिया होतो तेव्हा ताप नसतो, खोकला नसतो, नुसता माणूस बदलतो. बीपीच्या गोळीनं सोडियम उतरतं, माणूस बदलतो. किडनी थकलेली, तरी शुगरची जुनी गोळी चालू, पहाटे साखर ४० वर येते, माणूस बदलतो. पंधरा दिवसांपूर्वी मोरीत पडलेला असतो, कुणी सांगत नाही, कवटीत रक्त साठतं. डिलिरियम म्हटलं की मी या सगळ्यामागं लागते. 'म्हातारचळ' म्हटलं की कुणीच लागत नाही. आणि 'बाहेरचं झालंय' म्हटलं की दोन दिवस देवऋष्याकडं.

मामा : आणि तुमच्याकडं आल्यावर? आल्या आल्या चष्मा, कवळी, कानातलं मशीन कॅरीबॅगमध्ये घालून नातेवाइकाच्या हातात. तो पिशवी घेऊन घरी. आता दिसत नाही, ऐकू येत नाही, बोललं तर फसफस आवाज येतो. डोक्यावर रात्रभर ट्यूबलाइट. जन्मभर मिश्री लावणारी विडीकामगार म्हातारी, तिची मिश्री बंद. उठायला बघितलं तर बँडेजनं हात कॉटला बांधलेले. चांगल्या माणसाला वेड लागेल. वर बेड नाही म्हणून लोणीला पाठवा, लोणीहून नाशिकला. तीन दवाखाने, तीन छतं. तू घुलेवाडीच्या ग्रामीण रुग्णालयापासून नाशिकपर्यंत कुठंही जा, डिलिरियम ओळखायला शिकवण्याआधी हात बांधायचं बंद करायला शिकव.

भाची : हात बांधायचं बंद करायला आधी 'हा डिलिरियम आहे' हे कळावं लागतं. नाहीतर तो 'त्रास देणारा पेशंट' असतो.

मामा : वयस्करांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ ला आला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा कक्ष, खालच्या रुग्णालयांत आठवड्यातून दोनदा वृद्धांचा दवाखाना, असं कागदावर लिहिलंय. म्हातारं माणूस वार बघून आजारी पडत नाही.

भाची : तेच तर. ते पडतं रात्री, आणि रात्री उघडी असते फक्त कॅज्युअल्टी.

मग भाचीनं तो विषय काढला जो ती बराच वेळ दाबून होती असं मला वाटत होतं. तिच्याकडं येणाऱ्या गोंधळलेल्या म्हाताऱ्यांच्या खिशात गोळ्यांची पाकिटं निघतात. सर्दीच्या गोळीत क्लोरफेनिरामिन. खाजेला, पित्ताला फेनिरामिन. मुंग्या येतात म्हणून अमिट्रिप्टिलिन. झोप नाही म्हणून अल्प्राझोलाम. तरुणाला यानं नुसती झापड येते. म्हाताऱ्याच्या मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिनचं काम आधीच उतरणीला लागलेलं असतं, पहिली तीन औषधं तेच आणखी दाबतात, लघवीही अडवतात. विषबाधेच्या पेशंटला अ‍ॅट्रोपिन जास्त झालं की तो हवेत हात मारायला लागतो, हे फवारणीच्या मुलखातल्या प्रत्येक डॉक्टरनं बघितलंय. धोतऱ्याचं बी खाल्लेलं पोरही तसंच करतं. रस्ता तोच, गोळीत नुसता धिम्या चालीनं.

मामा : म्हणजे शेवटी मीच आरोपी.

भाची : तुमचं नाव कुठं घेतलं मी?

मामा : घ्यायचं काय राहिलं? ऐक. शिंका देत आलेला म्हातारा गोळी मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठत नाही. 'वाफ घ्या' म्हटलं तर तो मेडिकलमध्ये जाऊन तीच गोळी घेतो, आणि गावात सांगतो, डॉक्टर म्हातारा झाला. झोपेच्या गोळीचं म्हणशील तर ती मी सुरू केलेली नसते, तुमच्या शहरातल्या डिस्चार्ज कार्डावर असते. पाच दिवसांसाठी लिहिलेली, पाच वर्षं चालते. मी एकदम बंद केली तर त्यानंही तो गोंधळतो, हे तुला सांगायला नको.

भाची : हळूहळू कमी करता येते.

मामा : येते. त्यासाठी ती कुणी, कधी, कशासाठी दिली हे कळायला लागतं.

सर्दीच्या गोळीवर मामांनी शेवटपर्यंत पुरता शब्द दिला नाही. सत्तरीपुढच्यांना आणि प्रोस्टेटवाल्यांना टाळीन, एवढ्यावर आले, बाकीच्यांचं बघू म्हणाले. मला वाटतं भाचीनं इथं आणखी धरायला हवं होतं. पण तिला दुसरं काही हवं होतं.

भाची : मामा, चिठ्ठी पाठवता तेव्हा 'प्लीज डू द नीडफुल' लिहिता. त्याऐवजी एक ओळ लिहा. एरवी कसा असतो. चालतो का, हिशेब करतो का, ऐकू किती येतं, पितो का, आणि बदल कधीपासून. माझ्या ड्यूटीवरच्या पोरानं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल.

मामा : लिहीन. पण परत पाठवताना तुम्ही काय लिहिता? 'अल्टर्ड सेन्सोरियम, ट्रीटेड कन्झर्व्हेटिव्हली'. घरचे माझ्याकडं येऊन विचारतात, डॉक्टर, आबांना वेड लागलं होतं का? मी काय सांगू? डिलिरियम होता असं स्पष्ट लिही. कशानं झाला ते लिही. कुठली गोळी बंद केली, आणि पुन्हा कुठली द्यायची नाही, ते लिही. पुढच्या वेळी तो याहून लवकर गोंधळेल हेही घरच्यांना बसवून सांग.

भाची : आमच्या डिस्चार्ज कार्डात तेवढी जागाच नाही हो.

मामा : मग मागच्या बाजूला लिही. मराठीत. सुनेला वाचता येईल असं.